आधी दोन वर्षे वॉर्ड, मग आयसीयू?

नर्सिंग कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलीने पहिली नोकरी आयसीयूत धरू नये, आधी दोन वर्षे जनरल वॉर्डात हात बसवावा आणि मग अतिदक्षतेचा विचार करावा, हा सल्ला आपल्याकडे इतका रुळला आहे की तो कोणत्या आधारावर दिला जातो हे विचारायचे कोणाला सुचतही नाही. कॉलेजातल्या ट्यूटर तो देतात, मेट्रन देतात, नात्यात कोणी सिस्टर असली तर तीही तेच सांगते. वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेत हा प्रश्न पुस्तकी नाही. सावंगी मेघेचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय ही दोन मोठी शिकवणारी रुग्णालये जवळ, दोन्हींना जोडलेली नर्सिंग महाविद्यालये, शहरात जिल्हा सामान्य रुग्णालय आणि खासगी दवाखाने, आणि पाऊणशे किलोमीटरवर नागपूर. दरवर्षी जीएनएम आणि बीएस्सी झालेल्या मुली-मुलांची नवी तुकडी बाहेर पडते. खासगीत जागा निघते ती बऱ्याचदा आयसीयूतच. मग घरात बसून विचार सुरू होतो की जावे की न जावे, आणि सल्ला ठरलेलाच असतो.

या सल्ल्यामागची काळजी खोटी नाही. वॉर्डात दहा मिनिटे उशिरा लक्षात आलेली गोष्ट पुष्कळदा निभावून जाते, आयसीयूत जात नाही. नव्या मुलीला सहा महिन्यांत नर्सिंगचाच कंटाळा आणून सोडणारे विभाग आहेत, हेही खरे. तरीही मला हा नियम चुकीचा वाटतो, आणि नुसता चुकीचा नव्हे, सोयीचा वाटतो. नवी नर्स आयसीयूत सुरक्षित आहे की नाही हे तिने आधी कुठे काम केले यावर फार थोडे ठरते. पहिल्या तीन महिन्यांत तिच्या शेजारी कोण उभे आहे आणि त्या उभ्या असणाऱ्या सिस्टरला शिकवायला वेळ दिला आहे का, यावर ते बहुतेक सगळे ठरते. नियम मात्र पहिली गोष्ट विचारतो आणि दुसरीबद्दल गप्प राहतो.

दोन वर्षे वॉर्डात काय शिकता येते ते आधी पाहू, आणि वॉर्ड कागदावरचा नको, प्रत्यक्षातला घेऊ. भारतीय परिचर्या परिषदेच्या दंडकाप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स हवी, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. आपल्या बहुतेक सरकारी वॉर्डांत रात्री बारा वाजता तीस-चाळीस रुग्ण असतात, एक सिस्टर असते, फार तर एखादी शिकाऊ विद्यार्थिनी, आणि दोन खाटांच्या मधल्या जागेत गाद्या. अशा रात्री ती एकटी जे निभावते त्याला सलामच केला पाहिजे. पण त्यातून ती शिकते काय? इंजेक्शनांची यादी पहाटेच्या आत कशी संपवायची, इंडेंट कसा भरायचा, नातेवाइकांना कसे आवरायचे, सकाळच्या राउंडआधी फाइली कशा पुऱ्या करायच्या. हे शिक्षण कामाचा उरक वाढवणारे आहे. रुग्णाकडे नीट बघायला त्यात जागाच नाही. कोणत्याही भरलेल्या वॉर्डातले चार्ट उलटून पाहा: श्वासाचा दर सगळ्यांचा वीस, फार तर बावीस. चाळीस रुग्णांच्या छातीकडे एकेक मिनिट बघत बसायचे तर चाळीस मिनिटे जातील, आणि ती कोणाकडे नसतात. रुग्ण ढासळू लागल्याची खूण सर्वांत आधी ज्या आकड्यात दिसते, तोच आकडा वॉर्ड अंदाजाने लिहायला शिकवतो. दोन वर्षे ही सवय मुरवून घेतलेली नर्स आयसीयूसाठी अधिक तयार झाली, असे मानायला माझे मन तयार नाही.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकी परिचारिका-संशोधिकेचे ‘फ्रॉम नोव्हिस टू एक्स्पर्ट’ हे पुस्तक १९८४ साली आले. त्यातल्या पाच पायऱ्या आपल्या नर्सिंग कॉलेजांत पाठ करून घेतात, परीक्षेतही विचारतात. ‘आधी वॉर्ड’वाले याच पायऱ्यांचा दाखला देतात: नवशिकी आहे, तिला वर चढू द्या. पण बेनर पुढे जे सांगते ते परीक्षेत कोणी विचारत नसावे. तिच्या मते पायरी ही व्यक्तीला कायमची चिकटलेली नसते, त्या-त्या प्रकारच्या रुग्णांच्या अनुभवाला चिकटलेली असते. ज्या रुग्णांशी कधी संबंध आलेला नाही अशांच्या विभागात गेलेली नर्स, मग ती आधी कितीही मुरलेली असो, तिथे पुन्हा नवशिकीच्या पायरीवर येऊ शकते. म्हणजे सर्जरी वॉर्डात पाच वर्षे काढलेली सिस्टर व्हेंटिलेटरसमोर उभी राहिली की तिलाही पहिल्यापासून शिकवावे लागणार. तिला शिकवावे लागणारच असेल, तर दोन वर्षांची अट कशासाठी? आणि तिला शिकवायची गरज नाही असे कोणी धरून चालत असेल, तर ते नव्या मुलीला आयसीयूत घेण्याहून जास्त धोक्याचे आहे, कारण नवी मुलगी निदान विचारते. पाच वर्षे झालेल्या सिस्टरला ‘मला हे येत नाही’ असे म्हणायची लाज वाटते आणि इन्चार्जला तिला विचारायची.

एक उदाहरण विदर्भातल्याच आयसीयूचे घेतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयांत भरती झाले. फवारणीचे असोत की प्यायलेले, कीटकनाशकाचे रुग्ण आपल्याकडच्या आयसीयूला नवे नाहीत. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या रुग्णाला अॅट्रोपिन चालू असते. ते पुरेसे पडले की नाही हे मॉनिटर सांगत नाही. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून घरघर थांबली का ते ऐकावे लागते, काखेत हात घालून घाम सुकला का ते बघावे लागते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आहेत की मोठ्या झाल्या ते टॉर्च मारून पाहावे लागते. जास्त पडले तर रुग्ण तापतो, बडबडतो, चादर ओढतो, आणि नवख्या माणसाला वाटते विष चढले. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, घरचे ‘आता बरा आहे’ म्हणून भाकरी आणायला लागतात तेव्हा, खरी फसगत होते. मानेचे आणि श्वासाचे स्नायू हळूहळू लुळे पडू लागतात. सॅच्युरेशन अजून ९८ असते. जाणकार सिस्टर दर तासाला रुग्णाला उशीवरून डोके उचलायला सांगते. मघाशी उचलले होते, आता उचलता येत नाही, एवढ्यावरून ती डॉक्टरांना बोलावते आणि ट्यूब घाईगडबडीत पडायच्या ऐवजी वेळेत पडते. मण्यार चावलेल्या रुग्णाच्या पापण्या बघण्याचेही असेच. हे ज्ञान अस्थिरोग वॉर्डात दोन वर्षे काढून मिळत नाही, प्रसूतिकक्षात तर नाहीच. ते त्या खाटेपाशी, ते ज्याला येते त्याच्या शेजारी उभे राहून मिळते, आणि शिकणारी मुलगी नीट बघणारी असेल तर काही आठवड्यांत मिळते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मी वॉर्डला फारच हलक्यात काढतो आहे. वॉर्डात काम केलेल्या नर्सला शीर सापडते, नातेवाइकांशी बोलता येते, डॉक्टरांना रात्री तीन वाजता फोन करायचा धीर असतो, मृत्यू पाहिलेला असतो, एकाच वेळी चार कामे कशी लावून घ्यायची ते कळते. हे सगळे मान्य, आणि त्यातले फोन करण्याचा धीर हे तर फार मोलाचे. पण यातले कोणते शिकायला दोन वर्षे लागतात? बीएस्सीच्या नव्या अभ्यासक्रमात शेवटचे सत्र इंटर्नशिपचे आहे ते याचसाठी. जीएनएमच्या मुली तर विद्यार्थिदशेतच कित्येकदा वॉर्ड ओढतात, ते योग्य की अयोग्य हा वेगळा लेख होईल. हात बसायला वॉर्ड चांगला, हे मी नाकारत नाही. आयसीयूच्या दाराशी तो परवाना म्हणून मागावा, एवढे त्याच्यात नाही.

या धंद्यातल्या संस्था स्वतः काय मोजतात तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत अतिदक्षता नर्सिंगचे जे सीसीआरएन प्रमाणपत्र आहे, त्याच्या एका मार्गात दोन वर्षांत १,७५० तास गंभीर रुग्णांची थेट शुश्रूषा केलेली असावी लागते, आणि त्यांतले निम्मे अलीकडच्या वर्षातले. वॉर्डातले तास त्यात धरत नाहीत. आपल्याकडे परिचर्या परिषदेने अतिदक्षतेसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. त्याच्या प्रवेशाला एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो, तोही शक्यतो अतिदक्षता विभागातला. म्हणजे हे शिक्षण घ्यायच्या आधीच कोणीतरी तिला आयसीयूत घेतलेले असावे, असे परिषदच धरून चालते. एम्सच्या नॉर्सेट परीक्षेत बीएस्सी झालेल्याला अनुभवाची अट नाही. जीएनएमला आहे, ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा, पण तो कोणत्या विभागातला हे विचारलेले नाही. नोंदणीचे प्रमाणपत्र तर सगळ्या विभागांना एकच. ‘आधी दोन वर्षे वॉर्ड’ हा दंडक मला यांपैकी कुठेच सापडत नाही. तो चहाच्या टेबलावरचा आहे.

मुळात आयसीयू जन्माला आला तोच अननुभवी हातांत. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू गेलेल्यांपैकी दहातले आठ-नऊ मरत होते. लोखंडी फुप्फुसाची यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यात छेद देऊन ट्यूब बसवायची आणि हाताने पिशवी दाबून श्वास द्यायचा, अशी पद्धत काढली. पिशवी दाबायला माणसे कुठून आणायची? वैद्यकीचे विद्यार्थी बोलावले, सुमारे दीड हजार. पाळ्या लावून ते आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबत बसले, आणि मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. त्यांच्यापैकी कोणाला हे काम आधी येत होते? कोणालाच नाही, कारण ते काम आधी नव्हतेच. त्यांना काय करायचे ते नेमके सांगितलेले होते, आणि डोक्यावर भूलतज्ज्ञ होते. आपल्या बाजूचा दाखला त्याहून जवळचा आहे. डॉ. अभय बंग (ते वर्ध्यातच लहानाचे मोठे झाले) आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, अगदी जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्यापर्यंत. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार ३९ गावांतला नवजात मृत्युदर, तुलनेच्या गावांपेक्षा, ६२ टक्क्यांनी खाली आला. आरोग्यदूत आयसीयू चालवू शकेल असे मला म्हणायचे नाही, तसे कोणी वाचू नये. नेमके शिकवणे, लिहून दिलेली पद्धत आणि नियमित देखरेख या तीन गोष्टी असल्या की पूर्वानुभवाचा अभाव किती भरून निघतो, एवढेच त्यातून घ्यायचे.

कोविडच्या लाटांत आपण हाच प्रयोग, न आखता, राज्यभर केला. २०२० आणि २०२१ मध्ये वॉर्डातल्या, ओपीडीतल्या, शस्त्रक्रियागृहातल्या नर्स रातोरात आयसीयूत उभ्या केल्या गेल्या, जम्बो केंद्रांत तर कंत्राटी भरती करून. त्यांत वीस वर्षे नोकरी झालेल्या होत्या आणि वीस दिवस झालेल्याही. इंग्लंडमध्ये तेव्हा जी रचना सांगितली गेली, तिच्यात एका अतिदक्षता नर्सच्या देखरेखीखाली इतर विभागांतल्या नर्स आणि मदतनीस द्यायचे होते. बाहेरून आलेल्यांची वर्षे कोणी मोजली नाहीत, वर एक जाणती नर्स असावी एवढे मात्र पाहिले. आपल्याकडे जिथे अशी जाणती सिस्टर होती तिथे काम चालले. जिथे नव्हती तिथे वीस वर्षांचा अनुभवही बायपॅपच्या मास्कसमोर गोंधळलेला दिसला. त्यात त्या सिस्टरांचा दोष नव्हता.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे वळतो, कारण ‘आधी वॉर्ड’ या नियमाला विरोध केला की व्यवस्थापनवाले खूश होतात. रजिस्ट्रेशन आहे ना, मग लावा आयसीयूत, शिकेल हळूहळू, असे त्यांचे. हे मला मुळीच म्हणायचे नाही. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला डबा बांधतात आणि कोणीतरी मोठे माणूस पाण्यात असते. डबाही नाही आणि माणूसही नाही, असे ढकलण्याला पोहायला शिकवणे म्हणत नाहीत. आणि घडते ते बहुतेकदा असेच. नवी नर्स सोमवारी रुजू होते, दोन दिवस सिस्टरच्या मागे फिरते, गुरुवारी कोणीतरी रजेवर जाते आणि शुक्रवारी रात्री तिच्या नावावर दोन खाटा पडतात, त्यातला एक व्हेंटिलेटरवर. नॉरअॅड्रेनलिनची सिरिंज संपत आली की नवी भरून दुसऱ्या पंपावर आधीच सुरू करून ठेवायची असते, जुनी संपल्यावर बदलायला गेले तर त्या मधल्या अर्ध्या मिनिटात रक्तदाब कोसळतो. हे तिला कोणी सांगितलेले नसते. ते तिला मॉनिटर सांगतो.

नेमकी इथे ‘आधी वॉर्ड’ या नियमाची सोय ध्यानात येते. जी रुग्णालये हा नियम तोंडाने सांगतात तीच तो रोज रात्री मोडतात, कारण जुन्या सिस्टर सरकारी भरतीत, एम्समध्ये नाहीतर आखातात गेलेल्या असतात आणि रिकाम्या जागी येतात त्या नव्याच. नियम मग भरतीसाठी उरत नाही. चूक घडल्यावर कामाला येतो: ‘तिला अनुभव नव्हता.’ अनुभव ही तिने घरून आणायची वस्तू ठरली की तो देण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. जबाबदारी खाली सरकते ती कशी, याची दोन उदाहरणे राज्याने पाहिली आहेत. जानेवारी २०२१ मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूत आग लागून अकरा रुग्ण दगावले. नगरला पहिल्यांदा अटक झालेल्या चौघांत एक वैद्यकीय अधिकारी होत्या आणि तीन परिचारिका. कोणाचा किती दोष हे न्यायालयाचे काम, त्यात मी पडत नाही. पण त्या खोलीतली वीज, दारे आणि खाटांची गर्दी ठरवणाऱ्यांपर्यंत पोचायच्या आधी हात कोणाच्या खांद्यावर पडला, हे सर्वांनी पाहिले. प्रशिक्षण न देता ड्यूटी लावणाऱ्याचे नाव तर अशा कोणत्याच चौकशीत सहसा येत नाही, कारण तो गुन्हा म्हणून कुठे लिहिलेलाच नाही.

मग मागायचे काय? अंधारात चाचपडायची गरज नाही. ब्रिटनच्या अतिदक्षता सेवांच्या मार्गदर्शक दंडकांत नव्याने येणाऱ्या नर्सला किमान सहा आठवडे जादा म्हणून ठेवायला सांगितले आहे. ती पाळीत असते, काम करते, पण तिच्या नावावर रुग्ण नसतो आणि तिला धरून मनुष्यबळ मोजत नाहीत. नुकत्याच पास झालेलीला याहून जास्त आठवडे लागतील हे तिथे गृहीत धरलेले आहे. शिवाय विभागातल्या निदान निम्म्या नर्सकडे नोंदणीनंतर घेतलेले अतिदक्षतेचे शैक्षणिक प्रमाणपत्र असावे, अशीही अट आहे. यातली दुसरी अट मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. नवे किती असावेत याला मर्यादा नाही, जुने किमान किती हवेत याला आहे. आठ खाटांच्या आयसीयूत एका पाळीला एकच नवी मुलगी असेल तर ती शिकेल. चारपैकी तीन नव्या असतील तर त्या एकमेकींकडून भीतीच शिकतील. आपल्या दंडकात आयसीयूत प्रत्येक रुग्णामागे एक नर्स सांगितली आहे. त्या नर्सपैकी किती जणींनी किती काळ आयसीयू पाहिलेला असावा, याचा रकानाच तपासणीच्या तक्त्यात हवा. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये नऊ युरोपीय देशांतल्या चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया-रुग्णांचा अभ्यास मांडला. नर्सच्या वाट्याला एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, आणि पदवीधर नर्सचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले की ती तेवढीच कमी होते, असे त्यात दिसले. तो अभ्यास आयसीयूचा नाही, हे खरे. पण त्यात जे दोन आकडे बोलले ते रुग्णालयाच्या हातातले आहेत: कामाचा बोजा आणि कोणाला भरती करायचे. नर्सचे पहिले पोस्टिंग कुठे होते हा त्यातला आकडा नव्हे.

सर्वांत जोरात येणारा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. सहा-आठ आठवडे पगार द्यायचा, काम मोजायचे नाही, शिकवायचे, आणि वर्षभरात ती अनुभव पत्र घेऊन रियाधला किंवा सरकारी नोकरीत. शिकवायचे कोणासाठी? म्हणून मग बॉण्ड, म्हणून मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे. या तक्रारीचे उत्तर नर्सच्याच पगारपत्रकात आहे. खासगी नर्सच्या पगाराबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही २० हजारांपेक्षा कमी पगार नसावा आणि २०० खाटांच्या वरच्या रुग्णालयात तो सरकारी नर्सइतका असावा, असे सुचवले. त्या शिफारशी किती ठिकाणी पाळल्या जातात ते नागपूर-वर्ध्याच्या कोणत्याही नर्सला विचारा. माणूस जातो तो शिकला म्हणून जात नाही. शिकलेल्याला इथे न शिकलेल्याइतकाच पगार मिळतो म्हणून जातो. आणि न शिकवल्याने तरी तो कुठे थांबतो? तोही जातो, फक्त जाईपर्यंतच्या वर्षभरात रुग्णांवर शिकतो. तो खर्च ताळेबंदात दिसत नाही, एवढाच त्याचा फायदा.

लहान रुग्णालयांची अडचण मात्र खरी आहे. सहा खाटांच्या आयसीयूत एका पाळीला दोन नर्स, त्यातली एक शिकवायला मोकळी कशी ठेवणार? त्यांनी एकट्याने ते करावे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण वर्ध्यासारख्या जिल्ह्यात हे एकट्याने करायचे कारणच नाही. पंधरा-वीस किलोमीटरच्या आत दोन वैद्यकीय महाविद्यालयांचे आयसीयू, तिथे शिकवणारी माणसे, सिम्युलेशनचे पुतळे, सापाचे आणि विषाचे रुग्ण. लहान दवाखान्याने निवडलेली नवी नर्स पहिले दोन महिने तिथे जादा म्हणून काम करील, पगार दवाखाना देईल आणि शिकवणीचे शुल्क महाविद्यालय घेईल, असा करार करायला कोणता कायदा आडवा येतो? उलट परिचर्या परिषदेचा एक वर्षाचा अतिदक्षता नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहेच. त्याचा पहिला तुकडा म्हणून हे दोन महिने धरता आले तर मुलीही आनंदाने येतील. जिल्हा शल्यचिकित्सक, दोन महाविद्यालये आणि खासगी डॉक्टरांची संघटना एका टेबलाशी बसली तर हे ठरू शकते. पैसे कोणी किती द्यायचे यावर भांडण होईल, ते होऊ द्यावे. आज तो हिशोब कोणी मांडतच नाही.

तोवर उमेदवाराने काय करावे? मुलाखतीत आपल्याला प्रश्न विचारतात, तसे आपणही विचारावेत. माझ्या नावावर रुग्ण नाही असे किती आठवडे मिळतील? माझ्या शेजारी कोण असेल आणि त्या पाळीत तिच्याकडे स्वतःचे किती रुग्ण असतील? पहिली नाइट कधी लागेल, आणि त्या नाइटला जुनी सिस्टर कोण? उत्तरे ऑफर लेटरवर लिहून मागावीत. ‘ते बघू, शिकाल हळूहळू’ एवढेच उत्तर मिळाले तर ती नोकरी वॉर्डात दोन वर्षे काढलेल्या नर्सनेही घेऊ नये.